गाळलेलं अंगण

९ जानेवारी

वन्सं,

“हिच्यापुढे बसलं तर दगडसुद्धा बोलायला लागेल.” आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही हे म्हणाला होतात. तेव्हा तुम्ही कॉलेजात होतात, तोंडात टूथब्रश होता, आणि चहा उकळेपर्यंत तुमच्या मैत्रिणीचं अख्खं प्रेमप्रकरण मला सांगून मोकळ्या झाला होतात. माझ्याबद्दल या घरात कुणी बोललेलं ते पहिलं चांगलं वाक्य. मी ते आजवर जपलं. आता त्याची लाज वाटायला लागली आहे.

एरवी मी तुम्हाला धाकटे म्हणते, अगंतुगं करते. आज वन्सं आणि तुम्ही, म्हणजे मी किती चिडलेय ते वेगळं सांगायला नको. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदाला मध्येच तोडता येत नाही. उत्तरही कागदावरच द्या.

सोमवारी ह्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब गोळ्यांनी उतरत नाही, पायांना सूज आहे, आणि मूत्रपिंडं जेमतेम अर्धी काम करतात असं आता रिपोर्टात आलंय. अजून पन्नाशी नाही आली माणसाची. मी डॉक्टरांना विचारलं, कशानं झालं हे? त्यांनी खणातून आरोग्य कार्यालयाची पुस्तिका काढली. “बाई, हे बघा, तुमच्याच भागातलं संशोधन आहे. साथीच्या काळातला ताण. त्यानं जुने आजार बळावले, नवे जडले. फार मनावर घेऊ नका, आनंदात राहा.” ह्यांनी पुस्तिकेवरचं नाव वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले. “ही माझी बहीण,” म्हणाले. डॉक्टरांनी उठून हात मिळवला. पाय चपलेत मावत नव्हते, तरी घरी येईपर्यंत तुमचा दादा छाती काढून चालत होता.

घरी आल्यावर मी ती पुस्तिका वाचली. सगळी, अगदी बारीक अक्षरांतल्या टिपांसकट. एका टिपेत लिहिलंय, “एका मुलाखतकाराने घेतलेल्या सर्व मुलाखती, उत्तरांवर मुलाखतकाराचा प्रभाव पडला असण्याची शक्यता असल्याने, विश्लेषणातून वगळल्या आहेत.” खाली भागाचा क्रमांक दिलाय. तो आमचा. ती मुलाखतकार मी.

आठवतंय ना? बंदच्या काळात तुम्हाला इथे येता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मला फोनवर बसवलंत. मी जिन्याखाली उलट्या बादलीवर बसायची, कारण तिथेच रेंज यायची. समोरच्या खिडकीत आमची शिवणवाली दिसायची. सदा ओठांत टाचण्या धरलेल्या असतात म्हणून अंगणाभोवतीची सगळी घरं तिला टाचणीच म्हणतात. ती तिथून मला हात करायची आणि मी इथून तिला फोनवर विचारायची, झोप लागते का, चिडचिड होते का, हातापायांतली ताकद गेल्यासारखं वाटतं का, पोटात कळा येतात का. तुमचे प्रश्न मी एक अक्षर इकडचं तिकडे न करता वाचले. घराघरानं सांगितलं, हो. म्हातारे हो म्हणाले, तरणे हो म्हणाले. तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते, हेही सांगितलं. ते तुमच्या प्रश्नांत नव्हतं, तरी मी बाजूला लिहून पाठवलं.

आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अभ्यासाचे तीन भाग छापलेत. ताण, जुनाट आजार आणि अन्नातले विषारी घटक. तिसऱ्याबद्दल आत एकच ओळ सापडली, “तपासणी करता आली नाही.”

मला एवढंच सांगा. मी खोटं लिहिलं असं तुम्हाला वाटलं का? हो किंवा नाही.

तुमच्या दादाची बायको


१७ जानेवारी

वहिनी,

‘वन्सं’ वाचून आधी हसू आलं, मग पुढचं वाचून घोट घोट पाणी प्यायले.

हो की नाही विचारलंस, तर उत्तर नाही. तू खोटं लिहिलंस असं मला कधीच वाटलं नाही. पण मला समजावून सांगू दे, आणि सांगताना मी बाईसाहेबांसारखी बोलतेय असं वाटलं तर सोडून दे.

बाकी सगळ्या भागांत ताणाचे गुण साधारण एका पट्ट्यात पडत होते. कुणाचे कमी, कुणाचे जास्त. नोकरी गेलेल्याचे जास्त, पेन्शनवाल्याचे कमी, असं. तुझ्या अंगणात सगळ्यांचेच गुण आभाळाला टेकलेले. ज्याची नोकरी शाबूत होती त्याचेही, आणि ज्याच्या घरात सगळे धडधाकट होते त्याचेही. खरं दुःख इतकं एकसारखं नसतं गं. असे आकडे आले की आम्हाला मुलाखत घेणाऱ्याकडे बघावं लागतं, तसा नियमच आहे. आणि मुलाखत घेणारी तू होतीस. तू एक उसासा टाकलास की समोरचा दोन टाकतो. लोक तुला जीव लावतात. तुला बरं वाटावं म्हणून, किंवा तू विचारतेयस म्हणून, त्यांनी थोडं वाढवून सांगितलं असणार. यात तुझा दोष कुठेच नाही. तुझी निवड मी केली, दोष असलाच तर माझा.

तुला हे आधी सांगायला हवं होतं, हे मान्य. धीर झाला नाही.

तिसऱ्या भागाचं म्हणशील तर त्या काळात प्रयोगशाळा साथीच्या तपासण्यांतच बुडाल्या होत्या. घरोघर जाऊन रक्त घ्यायला परवानगी नव्हती. नंतर मुदत संपली. आम्ही ते प्रामाणिकपणे तसंच लिहिलंय.

दादाला मीठ बंद कर. गोळ्या वेळेवर घेतो का बघ, तो खिशात ठेवून विसरतो. आणि त्याला म्हणावं, बहिणीचं नाव सांगत फिरू नकोस, लोक फुकटचे सल्ले मागायला येतील.

तुझीच,
धाकटी


२ फेब्रुवारी

वन्सं,

म्हणजे मी खोटी नाही, माझं अंगण खोटं. केवढा मोठेपणा! मला निर्दोष सोडलंत आणि माझ्या शेजाऱ्यांना लबाड ठरवलंत, आणि वर मी आभार मानावेत अशी अपेक्षा.

‘खरं दुःख इतकं एकसारखं नसतं.’ हे वाक्य वाचून माझ्या अंगाची आग झाली. एकसारखं कधी असतं ते मी सांगते, ऐका.

टाचणीचं मनगट पडलं. दुखत नाही, मोडलं नाही, नुसतं लोंबतं. कात्री हातातून गळते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीच पुस्तिका दाखवली आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. तिची सासू अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “काम नको म्हणून हात सोडून बसलीय. पुस्तकातच छापलंय, डोक्याचं आहे म्हणून.” नवऱ्यानं शिवणयंत्र विकायला काढलं. तिला माहेरी पाठवायची भाषा चालली होती. टाचणी माझ्याकडे आली, दारातच बसली आणि म्हणाली, “काकू, मी फोनवर तुम्हाला सांगितलं होतं ना, हाताला मुंग्या येतात? तुम्ही लिहिलं होतंत ना?” मी म्हटलं, लिहिलं होतं. पुढचं काय झालं ते मला सांगता येईना. तुम्ही सांगितलं असतंत का?

ती बहिणीकडे दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, जेवता कुठे, पाणी कुठलं पिता. रक्त तपासलं. रक्तात शिसं निघालं, वन्सं. भरपूर शिसं. झोप न लागणं, पोटातल्या कळा, चिडचिड, थकवा, रक्तदाब, मूत्रपिंडं, सगळं शिशानं होतं असं त्या म्हणाल्या. तुमच्या प्रश्नावलीतला एकेक प्रश्न त्यांनी मला फोनवर वाचून दाखवल्यासारखं वाटलं. फक्त त्या त्याला ताण म्हणत नव्हत्या.

मी आरोग्य कार्यालयात गेले. म्हटलं, आमच्या सगळ्या अंगणाचं रक्त तपासा. साहेबांनी पुस्तिका उघडली. “बाई, तुमच्या भागाचा अभ्यास झालेला आहे. त्यात शिशाचा उल्लेख नाही.” मी म्हटलं, आमचं अंगण त्यात घेतलेलंच नाही, वगळलंय. ते म्हणाले, “तसं तज्ज्ञांकडून लेखी आणा.” तुम्ही लिहिलं, ‘तपासलं नाही.’ इथे सगळे वाचतात, ‘सापडलं नाही.’

तेव्हा लेखी द्या. आमची उत्तरं तुम्ही बाहेर ठेवलीत आणि रक्त कुणाचंच तपासलं नाहीत, एवढंच त्या साहेबांना लिहा.

शिसं येतं कुठून, ते आम्ही शोधतोय. नळ प्लास्टिकचे आहेत. रंग कुठे उडालेला नाही. मला भाजीचा संशय आहे, ती मोठ्या रस्त्याकडेच्या मळ्यातून येते आणि दिवसभर ट्रकांचा धूर खाते. सगळं अंगण दुपारी एकाच ठिकाणी जेवतं, तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांची कामं गेली तेव्हा अंगणात जी मोठी चूल पेटली ती अजून विझलेली नाही. एकटे म्हातारे, पाळीवर जाणारे, सगळे तिथेच. चुलीवर मी स्वतः असते, त्यामुळे स्वच्छतेत खोट नाही. पातेल्यांचं तर विचारूच नका. बंद पडलेल्या खाणावळीतली ती तांब्याची मोठी पातेली, कल्हईवाला गावी गेला तेव्हापासून हे स्वतः आपल्या दुकानात कल्हई करून देतात. दर दोन-तीन महिन्यांनी. आरशासारखी चमकतात. टोमॅटोचा आंबट रस्सा तासभर उकळला तरी तांब्याचा डाग वर येत नाही.

पत्र लवकर पाठवा. कार्यालयाच्या नावानं.

तुमची वहिनी


९ फेब्रुवारी

लाडके वहिनी,

घाईत लिहितेय. टाचणीचं वाचून फार वाईट वाटलं. औषधानं तिचा हात बराचसा सुधारेल, तिला सांग, धीर सोडू नकोस.

भाजीचं तू म्हणतेस ते अगदी शक्य आहे. तो मळा बदला. आणि एक कर, सध्या ती तांब्याची पातेली बाजूला ठेव, कुठून तरी स्टीलची मिळव. आजपासूनच. खास असं काही कारण नाही, अशा वेळी घ्यायची सर्वसाधारण काळजी असते, तेवढीच. पातेल्यांबद्दल दादाला काही बोलू नकोस. तो उगीच मनाला लावून घेतो.

त्याला माझ्याकडे पाठवतेस का? इथे मूत्रपिंडांचे चांगले डॉक्टर आहेत. मी सगळं बघते. बदल होईल त्याला. दुकान थोडे दिवस बंद ठेवायला सांग.

कार्यालयाला लिहितेच आहे. थोडा वेळ दे. तोवर तू तिकडे जाऊ नकोस, कुणाशी काही बोलू नकोस. मी नीट मांडते.

तुझी,
धाकटी


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही मला आजवर ‘लाडके’ म्हणाला नव्हतात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

स्टीलची पातेली आणली. तेवढं तुम्ही माणसासारखं केलंत, ते नाकारत नाही. पण ‘दादाला काही बोलू नकोस’ हे मनातून जाईना. मी डबा घेऊन ह्यांच्या दुकानात गेले. हे एका ट्रकचा रेडिएटर मांडीवर घेऊन गळती शोधत होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, “कल्हईला कथील कुठून आणता हो?”

हसले. “कथील कुठलं मिळणार तेव्हा? सगळा बाजार बंद होता. रेडिएटरची गळती बुजवायच्या सोल्डरच्या कांड्यांचा खोका पडला होता, त्याच वितळवल्या. नंतर म्हटलं, जमतंय तर बदला कशाला. कथलापेक्षा भरभर पसरतं, बघ तरी.”

“त्यात शिसं असतं का?”

“शिसं नसेल तर इतकं सुरेख पसरेल कसं?” असं म्हणाले, आणि वर बघितलं. मांडीवरचा रेडिएटर तसाच. मग हळूच म्हणाले, “अगं, पण मी जन्मभर हातात धरतोय ते. मला काय झालंय?”

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

वन्सं, हा माणूस रोज शिसं वितळवतो आणि त्याच हातानं डबा खातो. ते शिसं पातेल्यातून पोटात जाईल हे त्याच्या डोक्यात कधी आलं नाही, कारण त्याच्या लेखी ती दुरुस्ती होती. गळका रेडिएटर बंद करायचा तसं उघडं पडलेलं तांबं झाकायचं. लोक उपाशी होते, पातेली हिरवी पडत होती, आणि ह्याला एकच काम येत होतं. ते त्यानं केलं. मी त्याच पातेल्यांतून सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं. याचं काय करायचं ते आम्ही दोघं बघू.

पण तुम्ही! माझं पत्र वाचताक्षणी तुम्हाला कळलं होतं. आठवडाभरात तुमचं उत्तर आलं, त्यात सगळं होतं, फक्त खरं नव्हतं. तुम्हाला माझ्याकडून पातेली हलवून घ्यायची होती, दुकान बंद करून घ्यायचं होतं आणि तोंडही बंद करून घ्यायचं होतं. मी कार्यालयात विचारून आले. तुमचा कागद आलेलाच नाही. कुणाला वाचवत होतात? भावाला की पुस्तिकेला?

आता पुढचं ऐका. हे दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले. एकटे. मी बाहेर बाकावर होते, दार उघडं होतं. साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, “पातेल्यांना शिसं मी लावलं. माझ्या हातून झालंय. माझं काय करायचं ते करा, पण माणसांचं रक्त तपासा.” साहेबांनी त्यांना बसवलं. पाणी दिलं. मग पुस्तिका काढली आणि म्हणाले, “काका, या साथीनं भल्याभल्यांच्या मनावर परिणाम झालाय. तुम्हालाही ताण आलेला दिसतोय. घरी कुणी आहे का सोबत?”

मी हसले, वन्सं. बाकावर बसून तोंडात पदर कोंबून हसले. माणूस गुन्हा कबूल करतोय आणि त्याला तुमचं पुस्तक दाखवून घरी पाठवतात. रस्त्यात ह्यांनी विचारलं, “धाकटीला हे कळलं तर ती काहीतरी करेल ना?” मी म्हटलं, तिला कळलेलं आहे.

अंगणात लहान मुलं आहेत. एक बाई पोटुशी आहे. आता तुमच्याकडे वेळ मागायची सोय नाही.

वहिनी


६ मार्च

वहिनी,

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, आणि मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

तुझ्या पत्रातलं ते कल्हईचं वाक्य वाचलं तेव्हा मी कचेरीत होते. उठून दार लावून घेतलं. दादाच्या दुकानात कथील कधीच नव्हतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या कांड्यांवर मी शाळेचा अभ्यास केलाय, त्या रचून माझी उशी व्हायची. त्यानं तिथे बसून मला शिकवलं आणि मी शिकून त्याच्याच अंगणाला गाळलं. भावाला की पुस्तिकेला, असं विचारलंस. दोघांना. कुणाचा वाटा किती ते मलाही सांगता येत नाही. वाटलं, लोक दुकानावर चालून जातील. वाटलं, आमच्या विभागप्रमुख सरांसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू. सर म्हणालेच, “दुरुस्ती छापणं म्हणजे आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारून घेणं.” पुढच्या वर्षी ते विभाग माझ्याकडे सोपवणार आहेत. होते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आरोग्य कार्यालयाला लिहिलं, माझ्या सहीनं. फोनही केला. रक्त तपासायला गाडी येईल. अभ्यास ज्यात छापून आला त्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली आहे. त्यात असं आहे: “पूर्वी तांत्रिक कारणास्तव वगळलेल्या मुलाखती पुन्हा समाविष्ट केल्या असता, संबंधित भागातील लक्षणे शिशाच्या विषबाधेशी जुळतात असे दिसते. अयोग्य कल्हई केलेली भांडी हा संभाव्य स्रोत आहे.” पुस्तिकाही मागे घेतील.

दादाचं नाव कुठेही येणार नाही, दुकानाचंही नाही. तेवढं मी बघितलंय. त्याला म्हणावं, तूही कुणाला सांगत बसू नकोस, आता त्याची गरज उरलेली नाही. इलाजाचा खर्च माझ्याकडे. यातून तुझा राग थोडा तरी उतरावा एवढीच इच्छा आहे.

धाकटी


२१ मार्च

धाकटे,

राग उतरलेला नाही, पण ‘वन्सं’ म्हणायचा कंटाळा आला. परक्या बाईवर इतके दिवस चिडता येत नाही.

गाडी आली. अंगणात टेबल मांडलं, बाह्या वर करून सगळे रांगेत उभे राहिले. जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात शिसं निघालं. मुलांना आणि त्या पोटुशीला तातडीनं मोठ्या रुग्णालयात नेलं. तुझ्या दादाचं सगळ्यात जास्त. बाकीच्यांचं औषधानं उतरेल म्हणतात. ह्यांची मूत्रपिंडं मात्र गेली ती गेली, आहेत तेवढी सांभाळायची.

कुणाला सांगू नकोस असं तू त्यांना कळवलंस. मी निरोप दिला. त्यांनी ऐकून घेतला आणि टेबलाशेजारी जाऊन उभे राहिले. जो जो रक्त देऊन उठला त्याला त्याला सांगितलं, “भांड्यांना शिसं मी लावलं होतं. मला कळलं नाही.” बास, एवढंच. माफीबिफी मागितली नाही, हात जोडले नाहीत. निवृत्त पोस्टमन ह्यांच्या पायाशी थुंकले आणि गेले. पोटुशीचा नवरा मारायला धावला, त्याला लोकांनी धरलं. एका म्हातारीनं त्यांनाच स्टूल आणून दिलं, पाय सुजलेत, बसून सांग म्हणाली. दुकानाची पाटी कुणीतरी फोडली आहे. गिऱ्हाईक निम्मं झालंय. पण घरी आल्यावर हा माणूस जेवला, धाकटे. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

आता तुझ्या दुरुस्तीबद्दल. ‘तांत्रिक कारणास्तव.’ मी ते तीनदा वाचलं. कुठलं तंत्र गं? माणसं खरं सांगत होती आणि तू त्यांना खोटं समजलीस, याला तुमच्यात तांत्रिक म्हणतात का? आकडे आत घेतलेस, चांगलं केलंस. कार्यालयाला लिहिलंस, त्यानं जीव वाचतील, तेही मी विसरणार नाही. पण ज्यांना लबाड ठरवलंस त्यांच्यापर्यंत तो कागद पोचत नाही. तो साहेबांपर्यंत पोचतो, डॉक्टरांपर्यंत पोचतो. डॉक्टरांनी पुस्तिका खणातून काढून रद्दीत टाकली, झालं त्यांचं. ज्यांना त्यांनी आनंदात राहा म्हटलं होतं त्यांच्याकडे कुणी परत गेलेलं नाही.

टाचणी परत आली आहे. मनगट थोडं उचलतं, कात्री अजून धरवत नाही. शिवणयंत्र विकलं गेलं. सासूला मी रिपोर्ट दाखवला, वाचून दाखवला. ती म्हणाली, “असेल शिसं. पण सगळ्यांच्या अंगात होतं ना? मग हिचंच मनगट बरं पडलं? हिचं डोकं आधीपासूनच हलकं आहे, तुमच्या नणंदेनं उगीच नाही लिहिलं.” टाचणी खाली मान घालून सगळा वेळ ऐकत होती. सगळ्यात वाईट म्हणजे आता तिलाही तसंच वाटायला लागलंय. परवा मला म्हणाली, “काकू, मी खरंच वाढवून सांगितलं असेन का हो?”

मी नाही म्हटलं. पण माझ्या नाहीला त्या घरात किंमत नाही. मी शेजारीण, आणि वर पातेल्यांवाल्याची बायको. तुझ्या शब्दाला आहे. तुझ्याच शब्दानं ती वेडी ठरली आहे.

म्हणून सांगते, तू इकडे ये. पैसे पाठवू नकोस, डॉक्टरांचा पत्ता पाठवू नकोस, आणि तिच्या नावानं पत्र तर मुळीच पाठवू नकोस, तिची सासू ते फोडून वाचेल आणि हवं तेवढंच सांगेल. टाचणीच्या घरी, तिच्या सासूच्या आणि नवऱ्याच्या समोर बसून, ‘आकडे’ आणि ‘नियम’ हे शब्द न वापरता तिला सांग, की तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं समजले.

तू नाही म्हणशील. संशोधक असं कुणाच्या घरी जात नाहीत, असं केलं तर उद्या प्रत्येक दारी जावं लागेल, सरांना काय वाटेल, दादाला अजून त्रास होईल, हे सगळं तू लिहिशील, आणि ते वाचताना मला पटेलही कदाचित. तरीही मागतेय. रविवारी दुपारी ती तिघं घरी असतात. ये.

वहिनी